अलमट्टीवर बोलायला आम्हाला सव्वा वर्ष लागलं

माझं माहेर सांगलीच्या गावभागात, कृष्णा नदीपासून चालत पाच मिनिटांवर. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने तीन रेघा मारून ठेवल्यात. खालची २००५ ची, मधली २०२१ ची आणि सगळ्यात वरची २०१९ ची, ती माझ्या खांद्याच्याही वर येते. दिवाळीला रंग काढला की रंगाऱ्याला आधी सांगणार, बाबा रे बाकी सगळं रंगव पण ह्या रेघांना ब्रश लावायचा नाही. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५, हे आकडे आमच्या गल्लीतल्या तिसरीतल्या पोरालाही पाठ असतात. हे आधी सांगते कारण मी पुढं जे लिहिणार आहे ते कुणी बाहेरून बघणाऱ्या बाईने लिहिलेलं नाही, पुरात आमचंही घर गेलंय.

जुलै २०२१ चा पूर ओसरला, चिखल काढून झाला, गाद्या टाकून दिल्या, आणि ऑगस्टमध्ये गल्लीतल्या मारुतीसमोर बैठक बसली. कलेक्टरना निवेदन द्यायचं ठरलं होतं. निवेदन तयारच होतं, एकच मुद्दा, नदीच्या खालच्या अंगाला कर्नाटकात कृष्णेवर जे अलमट्टी धरण आहे त्याच्यामुळे सांगली बुडते, धरणाचं पाणी खाली ठेवा आणि उंची वाढवू देऊ नका. सगळे सह्या करत होते, मी पण केली. तेवढ्यात पलीकडच्या बोळातले एक काका उठले, पाटबंधारेमधून इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. ते एवढंच म्हणाले की मी सही करतो, पण ह्यात आणखी दोन मुद्दे घाला, पूररेषेतली बांधकामं आणि बुजवलेले नाले, नुसत्या अलमट्टीने एवढं पाणी चढत नाही. झालं. मागून कुणीतरी ओरडलं, "कर्नाटकचा वकील आलाय बघा!" सगळे हसले. दुसरा म्हणाला, काका तुमचं घर उंचावर हाय म्हणून सुचतंय. त्यांचं घर उंचावर नाहीये, त्यांच्या घरात पण पाणी होतं. ते काहीच बोलले नाहीत, चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला आणि खाली बसले. सही केली आणि गेले.

मी त्यांच्यापासून चार हातांवर होते. मला त्यांचं पटलं होतं असंही नाही, मला त्यातलं काही कळतच नव्हतं, पण निदान काकांना बोलू तर द्या, एवढं तर मला म्हणता आलं असतं. नाही म्हणलं मी. आणि ते मला खूप दिवस टोचत राहिलं, कारण त्यानंतर ते काका दुधाच्या सेंटरवर रोज दिसायचे पण गल्लीच्या एकाही बैठकीत परत आले नाहीत.

मी विश्रामबागला गणिताचे क्लास घेते, आठवी ते दहावी. फेब्रुवारी २०२२ ला क्लास परत नीट सुरू झाले तेव्हा सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा १९५१ चा प्रयोग माझ्या वाचनात आला, आणि तो इतका साधा आहे की मी तो नववीच्या बॅचवर करून बघितला. फळ्यावर एक रेघ काढायची, शेजारी तीन रेघा, त्यातली कुठली पहिलीएवढी आहे ते सांगायचं. आंधळ्यालाही कळेल इतका फरक. सहा पोरांना आधीच सांगून ठेवलं की सगळ्यांनी मुद्दाम 'क' म्हणायचं, खरं उत्तर 'ब'. सातवा मुलगा बाहेरून बोलावला, त्याला काही माहीत नाही. सहाजण एकापाठोपाठ एक 'क' म्हणाले, आणि हा पोरगा, गणितात वर्गात पहिला, फळ्याकडं बघतोय, पोरांकडं बघतोय, कान लाल झालेत, आणि शेवटी हळूच म्हणाला 'क'. नंतर त्याला जवळ घेऊन विचारलं तर म्हणाला, "मॅडम मला दिसत होतं, पण सगळेच म्हणत्यात म्हणल्यावर माझंच चुकत असंल." ॲशच्या प्रयोगात अशा वेळी साधारण एक तृतीयांश उत्तरं गर्दीच्या मागे जाऊन चुकली होती. पण मला महत्त्वाचा वाटला तो पुढचा भाग, की त्या गर्दीतला फक्त एकजण जरी खरं बोलला तरी चुकणारे एकदम कमी होतात. तेही करून बघितलं. सहातल्या एकीला सांगितलं तू 'ब' म्हण, आणि बाहेरून दुसरी मुलगी बोलावली, तिने ताडकन 'ब' सांगितलं, विचार करायलाही थांबली नाही.

त्या रात्री मला झोप नाही आली. एकजण पुरतो. मारुतीसमोर ती एक मी होऊ शकले असते.

मग ठरवलं. रविवारी क्लासचा हॉल रिकामाच असतो, महिन्यातनं दोन रविवार संध्याकाळी पाच ते सात, कुठल्याही एका विषयावर बोलायचं, चहाचे दहा रुपये काढायचे, बाकी काही नाही. ओळखीच्या तीसेक जणांना प्रत्यक्ष जाऊन सांगितलं. मार्च २०२२ च्या पहिल्या रविवारी आले चौघं, त्यातला एक माझा नवरा आणि एक नणंद. दुसऱ्या वेळी मात्र एकोणीस जण आले, आणि त्यात एक गृहस्थ उभे राहिले ते चाळीस मिनिटं बसलेच नाहीत, बाकीचे हाताची घडी घालून ऐकत होते आणि शेवटी दोघांनी टाळ्या पण वाजवल्या. माझं असं मत झालंय की आपल्या सांगलीला ऐकायची सवय फार चांगली आहे, १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथंच सीतास्वयंवर उभं केलं तेव्हापासून आपण नाट्यपंढरीचे लोक, पण त्यामुळे कुठंही चार खुर्च्या मांडल्या की आपण प्रेक्षक होऊन बसतो आणि एकाला नट करतो. त्या दिवशी घरी जाताना मी खुर्च्या-बाकांची रांगच मोडली, पुढच्या वेळी सगळे बाक गोल लावले, आणि फळ्याखालचा एक खडू उचलून म्हणलं, खडू ज्याच्या हातात तोच बोलणार, तीन मिनिटं, मग खडू शेजारी. ज्याला बोलायचं नाही त्याने नुसता पुढं द्यायचा. हे इतकं साधं, पण खडू हातात असला की माणसं खरंच जबाबदारीनं बोलतात, बोटं पांढरी होतात ना, मघाशी आपण बोललोय हे दिसत राहतं.

बायकांचं वेगळंच झालं. पाच-सहा जणी यायच्या, मागच्या बाकावर बसायच्या आणि सहा वाजले की उठून चहा करायला जायच्या, मी सुद्धा! चर्चा रंगात यायची ती नेमकी तेव्हाच. दोन-तीन वेळा झाल्यावर सिव्हिलला नर्स असलेली एक ताई म्हणाली, मॅडम आम्ही इथं पण किचनमध्येच. मला फार लागलं ते. तेव्हापासून चहा पुरुष करतात, आळीपाळीने, आणि खडू दर वेळी मागच्या वेळी जे बोलले नाहीत त्यांच्यापासून सुरू होतो. ह्यावर दोघं नाराज झाले आणि यायचे बंद झाले, मी त्यांची समजूत काढायला गेले नाही.

समजूत काढायला गेले ती दुसऱ्याच एकाकडं. तिसऱ्या महिन्यात मी आरक्षण हा विषय ठेवला. मोठी चूक होती, विषय चुकीचा म्हणून नव्हे, तर माणसांची एकमेकांशी धड ओळखही नव्हती म्हणून. एक इंजिनिअरिंगचा मुलगा स्वतःच्या वडिलांबद्दल सांगत होता, त्यांना गावात चहा वेगळ्या कपात मिळायचा ते, आणि समोरून एकाने मधेच विचारलं, "ह्याला पुरावा काय?" तो मुलगा क्षणभर थांबला, खडू बाकावर ठेवला आणि पायऱ्या उतरून गेला. मी बघत राहिले, दुसऱ्यांदा. दोन दिवसांनी शोधत शोधत त्याच्या रूमवर गेले आणि हात जोडून माफी मागितली, की तिथं थांबवायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नाही. तो म्हणाला, मॅडम वाद घालायला मला आवडतं, कायद्यावर घाला, आकड्यांवर घाला, पण माझ्या बापानं जे भोगलं त्याच्यावर मी मतदान घेऊ देणार नाही. हे वाक्य मी जसंच्या तसं हॉलच्या आतल्या दारावर लिहून लावलं, त्याची परवानगी घेऊन. स्वतःवर ओढवलेलं जे कुणी सांगतो ते ऐकायचं, त्यावर वाद नाही, त्यातून तो जे अनुमान काढतो त्यावर वाद. तो मुलगा महिनाभराने परत आला. ज्याने पुरावा मागितला होता तो पण आला, आणि त्याने सगळ्यांसमोर चुकलं असं म्हणलं, हे मला लिहायलाच पाहिजे कारण ते सोपं नसतं.

आमच्यात एक संस्कृतचे रिटायर सर आहेत, शहात्तर वर्षांचे, मिरजेहून येतात. एकदा कुणीतरी म्हणालं की ही असली चर्चा वगैरे पाश्चात्त्य फॅड आहे, आपल्याकडं मोठ्यांचं ऐकायचं असतं. सर शांतपणे म्हणाले, टेंभू म्हणल्यावर तुम्हाला काय आठवतं? सगळे म्हणाले उपसा सिंचन योजना, आटपाडी-खानापूरला पाणी येतं ती. सर म्हणाले बरोबर, पण त्याच कराड तालुक्यातल्या टेंभूत १८५६ ला गोपाळ गणेश आगरकर जन्मले, केसरीचे पहिले संपादक, टिळकांशी जिवाभावाची दोस्ती, आणि आधी सामाजिक सुधारणा की आधी स्वराज्य ह्यावर पटेना तेव्हा १८८७ ला केसरी सोडला आणि १८८८ ला स्वतःचा सुधारक काढला. पुण्यातल्या सनातन्यांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. तरी माणूस लिहीत राहिला, "इष्ट असेल ते बोलणार आणि साध्य असेल ते करणार" म्हणत. आणि १८९५ ला ते गेले तेव्हा ज्यांच्याशी एवढं भांडण झालं त्या टिळकांनीच केसरीत मृत्युलेख लिहिला. हॉल अगदी गप्प होता.

त्याच सरांनी आम्हाला पूर्वपक्ष शिकवला. जुन्या शास्त्रग्रंथांत स्वतःचं मत मांडायच्या आधी समोरच्याचं मत मांडावं लागतं, तेही दुबळं करून नाही, त्याच्या सगळ्या ताकदीनिशी, आणि मग उत्तरपक्ष. आम्ही ते असं केलं की विरोध करायच्या आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं आणि त्याला विचारायचं, बरोबर सांगितलं का? तो हो म्हणाला तरच पुढं बोलायचं. पहिल्यांदा हे इतकं जड गेलं! तुम्ही घरी करून बघा, नवऱ्याशी किंवा सासूशी. निम्मी भांडणं तर तिथंच संपतात कारण कळतं की तो तसं म्हणतच नव्हता. आणि सुरुवातीला एक चिठ्ठी, बोलणं सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाने आपलं मत लिहून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकायचं, नाव नाही, आणि शेवटी परत दुसरी चिठ्ठी. आधी लिहिलं की मग पहिल्या बोलणाऱ्याच्या मागं वाहत जायला होत नाही. ते फळ्यावरच्या रेघांवरून सुचलं मला.

मधल्या काळात एका स्थानिक पुढाऱ्याकडून निरोप आला, भाऊ हॉलचं भाडं, नाष्टा सगळं बघतील, फक्त मागं एक फ्लेक्स. नको म्हणून सांगितलं. थोडा त्रास झाला, त्याविषयी जास्त लिहीत नाही.

आणि ह्या सगळ्या काळात मी त्या इंजिनिअर काकांच्या घरी चार वेळा गेले. पहिल्यांदा त्यांनी चहा दिला आणि विषय बदलला. दुसऱ्यांदा मी सांगितलं की त्या दिवशी मी तिथंच होते आणि गप्प बसले, तेव्हा ते म्हणाले, "बाळ, तू एकटी नव्हतीस गप्प बसलेली." तिसऱ्यांदा काकू म्हणाल्या त्यांना बीपी आहे, नको. चौथ्यांदा मी काही बोललेच नाही, हळदीच्या भावावर झालेल्या आमच्या बैठकीत कोण काय म्हणालं ते नुसतं सांगत बसले, मार्केट यार्डातला अडत्या आणि हळद पिकवणारा शेतकरी ह्या दोघांनी एकमेकांचा पूर्वपक्ष कसा मांडला ते. पुढच्या रविवारी काका आले. मागं बसले, खडू नुसता पुढं दिला. असे तीन महिने.

जून २०२३, पाऊस लांबला होता, नदीत पाणी नव्हतं, आणि मला वाटलं की अलमट्टीवर बोलायचं तर आत्ताच, पाणी दारात आल्यावर कुणी कुणाचं ऐकत नाही. तेवीस जण आले. आप्पा पहिल्यांदाच आले, काठी टेकत. पहिल्या चिठ्ठ्या काढल्या, तेवीसपैकी वीस अलमट्टीच, दोन माहीत नाही, आणि एकच चिठ्ठी वेगळी. ती कुणाची हे सगळ्यांना कळलं होतं.

मी काकांना म्हणलं, पूर्वपक्ष तुम्ही मांडायचा, अलमट्टी जबाबदार आहे हे सांगायचं. आणि ते इतकं छान बोलले की बस. अलमट्टीची साठवण १२३ टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, आपलं कोयना १०५, म्हणजे केवढं ते बघा. आत्ता पूर्ण पातळी ५१९.६० मीटर, कृष्णेच्या पाणीवाटपाच्या २०१० च्या लवादाने ५२४.२५६ पर्यंतची वाट मोकळी केली, म्हणजे आणखी साडेचार मीटरच्या वर. धरणात पाणी तुंबलं की नदीचा उतार मोडतो, वेग कमी होतो, गाळ बसतो, मधे हिप्परगीचा बंधारा आहेच. ज्यांची घरं गेली त्यांनी भीती बाळगू नये असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? आप्पांकडे बघून त्यांनी विचारलं, बरोबर सांगितलं का? आप्पा म्हणाले, "व्हय. माझ्यापरास चांगलं सांगितलं."

मग काकांची बाजू मांडायला स्टेशन चौकातले रिक्षावाले दादा उभे राहिले, २०१९ ला ज्यांची रिक्षा आठ दिवस पाण्याखाली होती. आधी काकांच्या घरी जाऊन दोन तास समजून घेऊन आले होते, कागद पण नव्हता हातात. फळ्यावर त्यांनी कृष्णा काढली, वरनं खाली. हे आयर्विन. ह्याच्या खाली हरिपूरला वारणा येऊन मिळती. त्याच्या खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. आता कोयना, वारणा, राधानगरी सगळीकडं एकाच आठवड्यात कोसळला, कृष्णा, वारणा, पंचगंगा तिन्ही नद्या फुगल्या, तर खालच्या दोन नद्या कृष्णेला म्हणत्यात थांब, आमी हाय इथं. पाणी मागं सरकणार ते सांगलीतच. २०१९ नंतर सरकारनं वडनेरे समिती नेमली, तिनं पण २०२० च्या अहवालात त्या पुराला अलमट्टीला जबाबदार धरलं नाही. आणि निळी पूररेषा म्हणजे पंचवीस वर्षांतनं एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतनं एकदा, त्याच्या आत किती प्लॉट पाडले ते आपल्याला ठावं हाय की, माझं स्वतःचं घर आतच हाय. हे शेवटचं म्हणताना त्यांचा आवाज बसला.

नंतर वाद झाला, चांगला दीड तास झाला. समिती सरकारचीच होती तर तिच्यावर किती विश्वास ठेवायचा असं एकजण म्हणाला, ते चुकीचं नव्हतं. नर्स ताई म्हणाली २०१९ चा निष्कर्ष उंची वाढवल्यावर तसाच राहील असं कशावरून, त्यावर काका लगेच म्हणाले, नाही राहणार, उंचीला माझाही विरोध आहे, मी त्या दिवशी पण सही केली होती. हे ऐकून मारुतीसमोर हजर असलेले तिघं-चौघं होते त्यांनी माना खाली घातल्या. कुणी ओरडलं नाही. दोनदा आवाज चढला, दोन्ही वेळा खडू शेजारी गेला.

दुसऱ्या चिठ्ठ्या मीच उघडल्या. फक्त अलमट्टी, नऊ. अलमट्टी आणि आणखी कारणं, अकरा. बाकी तीन, माहीत नाही, अजून वाचायला पाहिजे. काकांची एकट्याची वेगळी चिठ्ठी ह्यावेळी नव्हतीच, ते नंतर हसून म्हणाले की माझीही त्या तिनांतली एक आहे, हिप्परगीचं मी एवढं धरलं नव्हतं. आप्पांची नऊमधली. रिक्षात बसताना मला म्हणाले, मी काय बदललो नाही हां, पण माणूस खोटं बोलणारा न्हाई.

पुढच्या गुरुवारी मी माहेरी गेले तर काका स्वयंपाकघरात होते. जमिनीपासून टेप लावून एकेक रेघ मोजत होते आणि आप्पा वहीत लिहून घेत होते. आई दोघांसाठी भडंग कालवत होती. २००५ च्या रेघेवरनं त्यांचं जुंपलं होतं, काका म्हणत होते आयर्विनच्या नोंदीशी ही मेळ खात नाही, दोन बोटं खाली पाहिजे, आणि आप्पा म्हणत होते की मेळ कसा खाईल, २००५ नंतर आपण फरशी बदलली की.